आत सरणारा डेक क्लीट

आत सरणारा डेक क्लीट हे नौका धक्क्याला किंवा दुसऱ्या नौकेला बांधण्यासाठी डेकवर बसवण्यात येणारे धातूचे उपकरण आहे. वापर नसताना ते डेकच्या पृष्ठभागाखाली ढकलून ठेवता येते आणि दोर बांधायच्या वेळी वर ओढून घेता येते. साध्या, स्थिर क्लीटप्रमाणेच त्याला दोन बाजूंना दोन शिंगे असतात व त्यांभोवती दोराचे वेढे घेतले जातात. मराठीत या वस्तूसाठी सर्वमान्य प्रतिशब्द नाही. 'दोर बांधण्याचा खुंटा' असे तिचे वर्णन करता येते. साधारणतः ५ ते ८ मीटर लांबीच्या, फायबरग्लासच्या मोटरबोटींवर हा प्रकार विशेष आढळतो. क्लीट आत सरतो ही त्याची सोय आहे. परंतु त्याची मजबुती मुख्यतः डेकखालच्या, न दिसणाऱ्या भागावर अवलंबून असते.

उपयोग

स्थिर क्लीट डेकच्या वर काही सेंटिमीटर उभा असतो. लहान नौकेत वावरण्याची जागा अरुंद असल्यामुळे त्याला पायाची बोटे आपटतात. गळाची दोरी, फेकजाळे, कपड्यांचे टोक किंवा नांगराचा दोर त्याच्या शिंगांत अडकतो. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या उथळ किनारी पाण्यात मासेमारीसाठी वापरल्या जाणाऱ्या सपाट डेकच्या नौकांवर मासेमार उभे राहून गळ फेकतो आणि सैल दोरी पायाशी पडलेली असते. अशा नौकांवर डेकच्या पातळीत बसणारा क्लीट अधिक सोयीचा ठरतो.

प्रकार

१. ओढून वर काढण्याचा क्लीट : यात शिंगांचा दांडा दोन उभ्या खांबांवर बसवलेला असतो. हे खांब डेकमध्ये बसवलेल्या नळकांड्यांत वर-खाली सरकतात. क्लीट हाताने वर ओढला जातो आणि घर्षणाने किंवा आतील खटक्याने जागेवर राहतो.

२. स्प्रिंगचा क्लीट : याची रचना वरीलप्रमाणेच असते, मात्र वर येण्यासाठी किंवा वर टिकून राहण्यासाठी स्प्रिंगचे साहाय्य घेतलेले असते. सोय वाढते, पण क्षार व वाळू यांमुळे बिघडू शकणारा आणखी एक भाग त्यात येतो.

३. दुमडता क्लीट : याचा तळ डेकच्या पृष्ठभागावरच राहतो आणि शिंगे बिजागरीवर फिरून खाली मिटतात. तो पूर्णपणे डेकच्या पातळीत येत नाही. मात्र त्यासाठी डेकला मोठे छिद्र पाडावे लागत नाही आणि डेकखाली खोल जागाही लागत नाही.

आकाराची निवड

क्लीटचा आकार नौकेच्या लांबीवरून थेट न ठरवता आधी दोराची जाडी ठरवावी आणि तिच्यावरून क्लीट निवडावा. बांधण्याच्या दोरासाठी एक प्रचलित ठोकताळा असा आहे : नौकेच्या लांबीच्या दर ९ फुटांमागे दोराचा व्यास १/८ इंच धरावा. या हिशेबाने २२ फुटी नौकेला सुमारे ०.३ इंच व्यास येतो. व्यवहारात त्यासाठी ३/८ इंच, म्हणजे सुमारे १० मिलिमीटर व्यासाचा दोर घेतला जातो. क्लीटची लांबी दोराच्या व्यासाच्या सुमारे १६ पट असावी. म्हणून १० मिलिमीटरच्या दोराला सुमारे १६ सेंटिमीटर, म्हणजे ६ इंची, आणि १२ मिलिमीटरच्या दोराला सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे ८ इंची क्लीट योग्य ठरतो. लांबीइतकेच शिंगांखालील मोकळ्या जागेकडेही लक्ष द्यावे लागते. आत सरणाऱ्या काही क्लीटमध्ये ही जागा कमी असते आणि दोराचा एक फेरा व दोन वेढे त्यात मावत नाहीत.

धातू

खाऱ्या पाण्यासाठी ३१६ दर्जाचे गंजरोधक पोलाद सर्वसाधारणपणे योग्य मानले जाते. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, त्यामुळे क्षारांपुढे ते ३०४ दर्जाच्या पोलादापेक्षा अधिक टिकते. क्रोमचा मुलामा दिलेले जस्त मिश्रधातूचे क्लीट स्वस्त असतात. परंतु मुलामा उडाल्यावर आतील धातू लवकर झिजतो. नायलॉनचे क्लीट हलक्या होड्यांपुरतेच वापरावेत. गंजरोधक पोलादही सर्व परिस्थितींत निर्धोक नसते. पृष्ठभागावरील ऑक्साइडचा पातळ थर त्याचे रक्षण करतो आणि तो टिकण्यासाठी प्राणवायू लागतो. ओलसर लाकडात किंवा सुटलेल्या सीलंटखाली साचलेल्या पाण्यात प्राणवायू पोहोचत नाही. तेथे बोल्ट आतून खंगू शकतो. अशा वेळी बाहेरून चकाकणारा क्लीट आतून दुबळा झालेला असतो.

भाराचे स्वरूप

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. लाटांमुळे बसणारे हिसके त्यात भर घालतात. नायलॉनचा दोर ताणला जात असल्यामुळे त्यांतील काही हिसके तो शोषून घेतो.

भार किती आहे याइतकीच त्याची दिशाही महत्त्वाची असते. दोर आडवा ओढला गेला तर क्लीट डेकवर घसरू पाहतो. दोर वरच्या दिशेने ओढला गेला तर क्लीट डेकमधून उपटला जाऊ पाहतो आणि सर्व ताण बोल्टांवर व त्यांखालच्या पृष्ठावर येतो. ओहोटीच्या वेळी नौका खाली जाते आणि स्थिर धक्का वर राहतो, तेव्हा ही स्थिती उद्भवते. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत ४ मीटरांहून अधिक फरक पडू शकतो. अशा ठिकाणी दोर लांब न ठेवल्यास क्लीटवर मोठा उभा ताण येतो.

वर काढलेल्या क्लीटमध्ये दोराची पकड डेकपासून काहीशी उंचावर असते. त्यामुळे आडव्या ओढीनेही खांब वाकवणारा जोर निर्माण होतो. वाकलेले खांब नळकांड्यांत सरकत नाहीत. पूर्वी सहज आत जाणारा क्लीट अडकू लागला, तर त्याच्यावर अतिरिक्त भार पडून गेला असण्याची शक्यता तपासावी.

जागेची निवड

लहान मोटरबोटीवर सामान्यतः नाळेजवळ एक किंवा दोन, पिछाडीला दोन आणि गरजेनुसार मध्यभागी दोन्ही काठांवर एकेक क्लीट असतो. जागा ठरवताना डेकच्या वरच्या बाजूपेक्षा खालच्या बाजूची पाहणी अधिक काळजीपूर्वक करावी लागते. क्लीटचे घर किती खोल आहे, त्याखाली विजेच्या तारा, इंधनाची नळी किंवा टाकी आहे का, आणि नट आवळण्यासाठी हात पोहोचतो का, हे छिद्र पाडण्यापूर्वी पाहावे. हात पोहोचत नसेल तर तेथे झाकण असलेले तपासदार करावे किंवा जागा बदलावी. केवळ स्क्रूने वरून बसवलेला क्लीट नौका बांधण्याच्या भारासाठी योग्य नसतो. क्लीटची लांब बाजू दोराच्या ओढीशी थोडा, सुमारे १० ते १५ अंशांचा, कोन करील अशी ठेवल्यास दोराचे वेढे एकमेकांवर चढून आवळले जात नाहीत.

बसवण्याची पद्धत

छिद्रे : उत्पादकाचा नमुना-कागद डेकवर चिकटवून खुणा केल्या जातात. प्रथम बारीक छिद्र पाडून खालून जागेची खात्री केली जाते. मोठ्या छिद्रासाठी गोल करवत वापरतात. सुरुवातीला ती उलटी फिरवल्यास जेलकोटचे टवके उडत नाहीत. छिद्राची वरची कड किंचित उतरती केल्याने पुढे तेथे तडे जाण्याचा संभव कमी होतो आणि सीलंटला बसण्यासाठी जागा मिळते. फायबरग्लासची धूळ डोळ्यांना व श्वसनमार्गाला अपायकारक असल्याने चष्मा व मुखपट्टी आवश्यक आहे.

गाभ्याचे संरक्षण : अनेक नौकांचा डेक फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड, प्लायवूड किंवा फेस यांचा गाभा ठेवून केलेला असतो. छिद्रातून पाणी शिरल्यास लाकडी गाभा कुजतो. शिवाय नट आवळताना नरम गाभा चेपला जातो आणि बोल्ट पुन्हा सैल होतात. म्हणून छिद्राच्या कडेने दोन थरांमधील गाभा सुमारे १० ते १५ मिलिमीटर खोल कोरून काढतात, ती पोकळी घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरतात आणि इपॉक्सी कडक झाल्यावर त्यातून अंतिम छिद्र पाडतात. या टप्प्याला एक दिवस अधिक लागतो. तो टाळल्यास होणारे नुकसान काही वर्षांनी दिसून येते.

आधारपट्टी : डेकखाली नटांच्या आत बसवण्याची ही पट्टी भार मोठ्या क्षेत्रावर पसरवते. काच-इपॉक्सीची जी-१० नावाची घट्ट पट्टी यासाठी उत्तम समजली जाते. लहान नौकेला सुमारे ६ मिलिमीटर जाडी पुरते. ॲल्युमिनियमची पट्टी चालते, परंतु खाऱ्या ओलाव्यात पोलादी बोल्टांच्या सान्निध्याने ती झिजते. उघडे प्लायवूड चेपते व कुजते. पट्टीचे कोपरे गोल करावेत. डेकची खालची बाजू खडबडीत असल्यास पट्टी इपॉक्सीच्या थरात बसवावी, म्हणजे ती सर्वत्र टेकते. नटांखाली रुंद वॉशर आणि कंपनाने सैल न होणारे नायलॉन कड्याचे नट वापरले जातात.

सीलंट : पॉलिसल्फाइड किंवा पॉलियुरेथेन सीलंट वापरला जातो. काही पॉलियुरेथेन इतके घट्ट चिकटतात की पुढे क्लीट काढताना जेलकोट उखडतो. क्लीटचे घर प्लॅस्टिकचे असल्यास पॉलिसल्फाइड टाळावे, कारण काही प्लॅस्टिकांना त्यामुळे तडे जातात. केवळ सिलिकॉन या कामासाठी पुरेसा टिकाऊ नसतो. आवळताना बोल्ट स्थिर धरून नट फिरवावा. बोल्ट फिरवल्यास त्याभोवतीचा सीलंट तुटतो.

पाण्याचा निचरा

स्थिर आणि आत सरणाऱ्या क्लीटमधील हा मोठा फरक आहे. खांबांभोवतीच्या फटीतून पावसाचे व लाटांचे पाणी खाली जाणारच. ज्या क्लीटला खाली बंद घर नसते, त्याचे पाणी थेट नौकेच्या आत ठिबकते. बंद घराच्या क्लीटला तळाशी निचऱ्याचे तोंड असते. त्याला नळी जोडून पाणी जलरेषेच्या वर नौकेबाहेर सोडले जाते. नळीला सलग उतार असावा. मध्ये झोळ पडल्यास पाणी व गाळ साचतो. थंड प्रदेशांत साचलेले पाणी गोठून प्रसरण पावते आणि घराला तडा जाऊ शकतो. काम पूर्ण झाल्यावर क्लीटवर काही मिनिटे पाणी सोडून खालून गळती तपासावी.

स्थिर क्लीटच्या जागी बसवताना

जुनी छिद्रे नव्या क्लीटशी क्वचितच जुळतात. नवे घर त्यांना पूर्णपणे सामावून घेत नसेल, तर ती इपॉक्सीने भरून घ्यावी लागतात. जुन्या छिद्रांतून निघालेला गाभा ओला किंवा काळपट असल्यास आधी त्या भागाची दुरुस्ती करावी. कुजलेल्या डेकवर बसवलेला नवा क्लीटही टिकत नाही.

मर्यादा व धोके

दुसरी नौका ओढून नेण्यासाठी आत सरणारा क्लीट वापरू नये, जोपर्यंत उत्पादकाने तो भार स्पष्टपणे मान्य केलेला नाही. ओढताना ताणलेल्या नायलॉनच्या दोरात मोठी ऊर्जा साठते. क्लीट उपटला गेला तर तो दोरासह वेगाने मागे फेकला जातो आणि समोरील व्यक्तीला प्राणघातक इजा होऊ शकते. म्हणून ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. वादळाच्या काळातही चार बोल्टांचा, रुंद तळाचा स्थिर क्लीट अधिक भरवशाचा असतो. अमेरिकी नौकारचनाकार नॅथॅनिएल हेरेशॉफ (१८४८–१९३८) यांच्या नावाने ओळखला जाणारा क्लीट याच प्रकारचा आहे. त्यामुळे काही नौकांवर नाळेजवळ स्थिर आणि वावराच्या जागी आत सरणारे क्लीट अशी विभागणी केलेली दिसते.

मानके

आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १५०८४ हे लहान नौकांवर नांगरणे, बांधणे व ओढणे यांसाठी असणाऱ्या मजबूत जोडस्थानांविषयी आहे. अमेरिकेत याच विषयावर अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचे एच-४० हे मानक आहे. युरोपीय संघाच्या २०१३ च्या नौकाविषयक निर्देशानुसारही नौकेवर असा भार सुरक्षितपणे पेलणारी जोडस्थाने असणे बंधनकारक आहे.

निगा

समुद्रातून परतल्यावर क्लीट वर काढून गोड्या पाण्याने धुवावा आणि काही वेळा वर-खाली सरकवावा. खांबांना ग्रीस लावल्यास वाळू चिकटते. त्याऐवजी सिलिकॉनचा फवारा वापरतात. वर्षातून एकदा आधारपट्टी, नट व निचऱ्याची नळी पाहावी. डेकवर क्लीटभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे, नटांजवळ तपकिरी ओघळ किंवा पायाखाली डेक दबणे ही आतील बिघाडाची लक्षणे आहेत. ती दिसल्यास दुरुस्ती होईपर्यंत त्या क्लीटला नौका बांधू नये.