पेशीतील घड्या कोण घालतो?

मोठे वस्त्र लहान पेटीत ठेवावयाचे झाल्यास त्याच्या घड्या घालाव्या लागतात. सजीव पेशीतही निसर्गाने हीच युक्ती योजिली आहे. पेशीला लागणारी बहुतेक शक्ती मायटोकाँड्रिया, म्हणजेच तंतुकणिका, पुरवितात. प्रत्येक तंतुकणिकेभोवती दोन पातळ पटले असतात. बाहेरचे पटल साधे असते. आतल्या पटलाला मात्र खोल घड्या पडलेल्या असतात. १९५२ मध्ये जॉर्ज पॅलेड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने या घड्या दाखवून दिल्या. त्यांना ‘शिखा’ म्हणतात.

घड्यांमुळे थोड्या जागेत मोठे पटल मावते, हे उघड आहे. परंतु या घड्या घालतो कोण? याचे उत्तर त्या पटलातच बसविलेल्या एका प्रथिनाने दिले.

एटीपी हे पेशीचे शक्तिद्रव्य होय. ते तयार करणारे प्रथिन म्हणजे एक चिमुकले फिरते यंत्रच! त्याचा पाया पटलात रुतलेला असून डोके तंतुकणिकेच्या गाभ्याकडे असते. पटलातून प्रोटॉन वाहू लागले की पायातील चक्र फिरते व डोक्यात एटीपी घडते. अशी दोन यंत्रे पायांशी जोडली जातात आणि त्यांची डोकी एकमेकांपासून दूर कलतात. यीस्टमध्ये या दोहोंतील कोन सुमारे ८६ अंशांचा असतो. साहजिकच त्यांच्या खालचे पटल वाकते. दुपाखी घराच्या आढ्यावर कौलांची ओळ असावी, तशा या जोड्या शिखेच्या धारेवर ओळीने बसतात.

याचा पडताळा २००२ मध्ये मिळाला. जोडी जुळविण्यास आवश्यक असलेली लहान प्रथिने यीस्टमधून काढून टाकली, तेव्हा नेहमीच्या शिखा नाहीशा झाल्या आणि आतली पटले कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकात एक दिसू लागली. २०१३ मध्ये पोडोस्पोरा नावाच्या बुरशीचे निरीक्षण झाले. तिच्या वृद्ध तंतुकणिकांत या जोड्या सुटून शिखा मागे सरल्याचे आढळले.

शिखांच्या घडणीत इतर प्रथिनांचाही हात आहे. मायकॉस नावाचा प्रथिनसमूह शिखेची अरुंद मान सांभाळतो, तर धार घडविण्याचे काम मुख्यतः एटीपी घडविणारे यंत्र करते. कारागीर ज्या घरात राहून काम करतो, त्या घराचे आढेही तोच उभारतो. आणि त्याची जोडी फुटली, की घराचा आकारही टिकत नाही.