जुन्या यंत्रांचा संगणकवर्ग

एखादें यंत्र निकामी ठरलें म्हणजे तें मोडलेलें असतेंच असें नाहीं. संगणकाच्या बाबतींत पुष्कळदां यंत्र धडधाकट असतें. वाढलेली असते ती नव्या आज्ञावलींची भूक. ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं ‘विंडोज १०’ची नियमित देखभाल थांबली, तेव्हां चालू स्थितींतील असंख्य संगणक पुढील आवृत्तीस अपात्र ठरले. कचेऱ्यांनीं टाकून दिलेल्या अशा यंत्रांतून शाळेचा वर्ग कसा उभा राहतो, हें नॉर्वे देशांतील उदाहरणावरून चांगलें समजतें.

तेथें जुलै २००१ मध्यें कांहीं स्वयंसेवकांनीं ‘स्कूलेलिनक्स’ हा उपक्रम आरंभिला. त्यांच्यापुढें प्रश्न केवळ खर्चाचा नव्हता. नॉर्वेजियन भाषेचीं बोकमोल व नीनोर्स्क अशीं दोन लेखनरूपें आहेत, आणि शालेय पुस्तकें दोहोंत असावींत असा तेथील कायदा आहे. संगणकावरील प्रचलित विक्रीच्या आज्ञावलींत मात्र नीनोर्स्कला स्थान नव्हतें. म्हणून स्वयंसेवकांनीं ‘डेबियन’ ही मुक्त आज्ञावली निवडली. तिची मूळ संहिता कोणासहि वाचतां व बदलतां येते. त्यामुळें भाषांतरासाठीं कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाहीं. दोन्ही रूपांबरोबर त्यांनीं उत्तरेकडील सामी लोकांच्या भाषेचेंहि काम हातीं घेतलें.

जुन्या यंत्रांचा प्रश्न निराळ्या युक्तीनें सुटतो. तिचा पाया अमेरिकेंत १९९९ सालीं निघालेल्या ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर’ योजनेंत आहे. वर्गांत एकच सबळ संगणक ठेवावयाचा व बाकीचीं जुनीं यंत्रें तारांनीं त्यास जोडावयाचीं. विद्यार्थ्यानें कळ दाबली म्हणजे जुनें यंत्र आपली आज्ञावली ह्या मुख्य संगणकाकडून मागून घेतें. गणित, लेखन, चित्रकला हीं सारीं कामें मुख्य संगणकच करतो. जुन्या यंत्राकडे पडदा दाखविणें आणि कळफलकावरील अक्षरें पोंचविणें एवढेंच उरतें. त्यास स्वतःची तबकडीहि लागत नाहीं. एका ठिकाणीं केलेली दुरुस्ती साऱ्या वर्गाची दुरुस्ती होते. स्कूलेलिनक्समध्यें ह्या मुख्य संगणकास ‘सेवक’ असा अर्थ असलेलें नॉर्वेजियन नांव आहे.

ह्या रचनेंत उणीवहि आहे. सेवक आजारी पडला कीं सारा वर्ग ठप्प होतो, आणि एकाच वेळीं अनेकांनीं चलच्चित्रें पाहूं म्हटल्यास तो थकतो. शिवाय दान म्हणून आलेलें प्रत्येक यंत्र घेण्याजोगें नसतें. फुगलेले संधारक आणि जळके वीजपुरवठे स्वीकारल्यास शाळेची अडगळ होते, व ती विल्हेवाटीस अवघड असते. म्हणून जाणते स्वयंसेवक प्रथम यंत्रें पारखतात, तबकड्यांवरील जुन्या मालकाची माहिती पुसून टाकतात, आणि सुट्या भागांसाठीं कांहीं यंत्रें राखून ठेवतात.

तथापि वर्गाचें आयुष्य शेवटीं शिक्षकावर अवलंबून असतें. स्वयंसेवक रविवारीं येतात, वर्ग सोमवारीं भरतो. नवें खातें उघडणें, विसरलेला परवलीचा शब्द बदलणें, सैल झालेली तार ओळखणें, एवढें शाळेंतील दोघांना तरी आलें पाहिजे. एकाची बदली झाली तरी दुसरा उरतो. डेबियनची मांडणी करतांना निवडावयाच्या भाषांत मराठीहि आहे. तेव्हां मराठी शाळेस भाषेची अडचण सांगण्याचें कारण नाहीं. यंत्रें मिळतील, आज्ञावली विनामूल्य आहे. तयार करावयाचीं तीं माणसें.