पतीविना स्त्रीचें घर कोणतें ?

ज्या स्त्रीला पति नाहीं तिचें घर कोणतें, हा प्रश्न बहुतेक समाजांना पडलेला आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत अमेरिकेंतील इंग्रजी वसाहतींत अविवाहित बहीण बहुधा भावाच्या आश्रयास राही, सूत काती, भाच्यांना सांभाळी. प्रौढ कुमारिकेस इंग्रजींत रूढ झालेला शब्दही सूतकताईवरूनच आलेला आहे. कायद्यानें मात्र तिला एक गोष्ट दिली होती. विवाहितेची मिळकत पतीच्या ताब्यांत जाई. हिची हिच्याच हातीं राही.

आपल्या ब्राह्मण घरांत त्या काळीं प्रौढ कुमारिका जवळजवळ नसेच, कारण मुलीचें लग्न बाळपणींच उरकीत. तें आश्रिताचें स्थान आपल्याकडे बालविधवेच्या वांट्यास येई. पहांटेपासून सोंवळ्याचा स्वयंपाक, जावांचीं बाळंतपणें, आजाऱ्यांची शुश्रूषा, आणि मंगलकार्यांत मात्र मागें राहणें, हा तिचा क्रम. घर तिच्या कष्टांवर चाले. पण घरांत तिचा शब्द नसे.

अनुताई वाघ यांच्याही पुढें हीच वाट होती. त्यांचा जन्म १९१० सालीं मोरगांवीं झाला. तेराव्या वर्षीं लग्न झालें आणि सहा महिन्यांतच वैधव्य आलें. परंतु त्यांचें शिक्षण पुढें चाललें व त्या शिक्षिका झाल्या. १९४५ सालीं त्या ताराबाई मोडकांच्या कार्यास येऊन मिळाल्या. ताराबाईही पतीपासून विभक्त होऊन स्वतःच्या विद्येवर उभ्या राहिलेल्या. बोर्डीस सुरू झालेलें हें कार्य १९५७ सालीं आजच्या पालघर जिल्ह्यांतील कोसबाडच्या टेकडीवर गेलें. वारली मुलें शाळेंत येत ना, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा काढली. 'अंगणवाडी' हा शब्द १९७५ च्या सरकारी बालविकास योजनेनें पुढें देशभर नेला. १९८५ सालीं अनुताईंना पद्मश्री मिळाली. १९९२ सालीं त्या निवर्तल्या.

पोसणें निराळें आणि उभें करणें निराळें, हें यांतून दिसतें. १९५६ च्या कायद्यानें विधवेस व मुलीस वारसा दिला. २००५ सालीं मुलगी एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलाच्या बरोबरीची भागीदार झाली. आज अनेक घरांत अविवाहित आत्या किंवा मावशीच वृद्ध आईबापांचा आधार असते. तिच्या श्रमांचें कौतुक आपण करतोंच. पण घराचा निर्णय घेतांना तिला विचारतों काय, आणि तिचा वांटा न मागतां तिच्या हातीं देतों काय, हें प्रत्येक कुटुंबानें आपल्या मनाशीं पाहावें.