घोडा दोघांचा, आषाढ कोणाचा?

तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीमुळे उमरठ सगळ्यांना ठाऊक आहे. महाड-पोलादपूरच्या याच डोंगरपट्ट्यात चालत आलेल्या सावडीची मात्र फारशी कोणी दखल घेत नाही. नांगराला बैल दोन लागतात आणि उतारावरच्या चार खाचरांच्या धन्याला दोन पोसणं परवडत नाही. मग एक बैल याचा, एक त्याचा. आज याची चिखळणी, उद्या त्याची. दोघा-तिघांत मिळून घोडा ठेवू पाहणाऱ्याने आधी ही सावड नीट न्याहाळावी. त्यात बैल सामाईक नसतो, सामाईक असतं ते काम. संध्याकाळी बैल ज्याच्या त्याच्या गोठ्यात परततो आणि धन्याचा हात पहिल्यांदा त्याच्या खांद्यावर फिरतो. खांदा सुजलेला लागला, तर सकाळी जू चढण्याआधी त्याचा जाब विचारला जातो. काम नसलेल्या महिन्यांत जो तो आपल्या उडवीतला पेंढा आपल्याच बैलाला घालतो. शिवाय पुढच्या लावणीलाही दोघांकडे एकेकच बैल असणार, त्यामुळे सावड बुडवणाऱ्याचंच शेत पडून राहतं.

घोड्याची अशी वाटणी होत नाही. खर्च निम्मा भरता येतो, पण निम्मा घोडा कोणाच्याच दावणीला बांधता येत नाही. घोडा रवंथ करत नाही, त्याचं पोट लहान. त्याला दिवसभर थोडं थोडं खावं लागतं. तीनशे किलोच्या जनावराला रोज साधारण ६ किलो सुकं गवत हवं, पाठीवर कोणी बसो वा न बसो. दीड-दोन महिन्यांनी नालबंद बोलवावा लागतो. पावसाळ्यात खुराच्या तळव्यात चिखल साचून राहिला तर खूर कुजतो, म्हणून पाय रोज उचलून साफ करायचा. रपेटीची पाळी कोणी विसरत नाही. भागीदारी मोडते ती या पाय उचलण्यावरून, आणि ‘त्याने केलंच असेल’ या समजुतीवरून.

मराठी राज्याने हा पेच मोठ्या प्रमाणावर हाताळला होता. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, तर बारगीर बसायचा सरकारी पागेतल्या घोड्यावर. सभासदाची बखर सांगते, २५ बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्यांसाठी मिळून एक पखालजी, एक नालबंद. म्हणजे खर्च आणि सेवा सामाईक, जबाबदारीला मात्र एकच नाव. तरीही चिपळूणजवळ हलवर्णला छावणीत असलेल्या लष्कराच्या जुमलेदार-हवालदारांना शिवाजी महाराजांना खरमरीत पत्र लिहावं लागलं: पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आताच उधळलात तर तो पुढे मिळणार नाही, आणि घोडी उपाशी मेली तर ती तुम्हीच मारली असं होईल. दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा चाऱ्याचा हिशेब आपणहून ठेवत नाही, एवढं या पत्रावरून समजायला हरकत नाही.

म्हणून धनी एकच असावा, बाकीच्यांनी ठरलेल्या वारांचे बारगीर व्हावं. यात एक जण मालक नि दुसरे भाडेकरू होतात, हा आक्षेप खरा आहे. पण त्यावर तोड निघते: चाऱ्याचा वाटा पाऊस लागण्याआधीच भरायचा, आणि सोडून जाणाऱ्याने एक हंगाम आधी सांगायचं. धन्यानेही मधेच दुसऱ्याला वार विकायचा नाही. पगारी मोतद्दार ठेवला की प्रश्न मिटला, असंही म्हटलं जातं. मोतद्दार हवाच, पण त्याने गवत भिजू दिलं तर त्याला विचारणारा कोण, हे आधी ठरायला हवं, नाहीतर तोही तिघांचा म्हणजे कोणाचाच नाही.

खरी अडचण माणूस मिळण्याची. सावडकऱ्याचा बाप-आजा, त्याचा बांध, त्याची उधारी गावाला माहीत असायची. आता निम्मं गाव मुंबईला आणि घोड्याचे हौशी परस्परांना अनोळखी. ओळखीची जागा मुदतीने भरावी लागते. बोलणी मार्गशीर्षात करू नयेत, त्या हवेत कोणीही पहाटे उठून येतो. आषाढात दोन महिन्यांची बोली करावी. रपेट बंद, वाट निसरडी, आणि आठवड्यातले दोन दिवस नुसते खूर धुवायचे, गवत उलटंपालटं करून बुरशी बघायची. भाद्रपदातही तो येत असेल, तर त्याला खोगीर द्यावं.