धुरात वाट सापडली पाहिजे

मार्च २००६ मध्ये ‘स्टार प्रिन्सेस’ या क्रूझ जहाजाला आग लागून एक प्रवासी दगावला, तेव्हा मी दुसऱ्या एका क्रूझ बोटीवर हाउसकीपिंगमध्ये होतो. बातमी पसरली आणि आमच्या बोटीवरच्या प्रवाशांचं बोलणंच पालटलं. एरवी केबिन आवरायला गेलं की हवापाण्याच्या, जेवणाच्या गप्पा व्हायच्या. आता दार उघडताच एकच प्रश्न यायचा, आपली बोट सुरक्षित आहे ना? एका गृहस्थांनी पुढच्या वर्षीचं बुकिंग रद्द करायचं ठरवलं. बाल्कनीत सिगरेट ओढणारे आणि त्यांचे शेजारी यांची तर डेकवर चारचौघांत जुंपली. आणि बरेच जण हिशोब मांडायचे: त्या बोटीवर जवळजवळ चार हजार माणसं होती, त्यातला एकच गेला, म्हणजे रस्त्यापेक्षा समुद्र बरा.

हा हिशोब मला तेव्हा पटला नाही आणि आजही पटत नाही. तो माणूस सुट्टीवर आला होता. तो कसा गेला हे नीट समजून घेतलं तर पुढचा वाचू शकतो. ‘एकच गेला’ म्हटलं की समजून घेणं तिथेच थांबतं.

‘स्टार प्रिन्सेस’ २३ मार्चच्या पहाटे ग्रँड केमनहून जमैकातल्या माँटेगो बेकडे चालली होती. तीन वाजून गेले होते, प्रवासी गाढ झोपेत. दहाव्या डेकवर, बोटीच्या डाव्या अंगाला, एका बाल्कनीत आग धरली. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास यंत्रणेने नंतर जो अहवाल दिला त्यात म्हटलंय, की बहुधा कुणीतरी टाकलेल्या सिगरेटच्या थोटकामुळे बाल्कनीतलं काही पेटलं. साधारण वीस मिनिटं ते नुसतं धुमसत राहिलं. मग ज्वाळा उठल्या आणि दहा मिनिटांच्या आत आग वरच्या डेकवर आणि शेजारच्या बाल्कन्यांमधून पुढे पोचली.

इतक्या वेगाने कशी? बोटीच्या आतली रचना आगीचा विचार करूनच केलेली असते. पोलादी भिंतींनी बोटीचे उभे कप्पे पाडलेले असतात. एका कप्प्यातली आग तासभर तरी पलीकडे जाऊ नये, पलीकडची बाजू ठरावीक मर्यादेपलीकडे तापू नये, अशा त्या भिंती असतात. केबिनमध्ये धूर ओळखणारं यंत्र असतं, छतातून पाणी फवारायची सोय असते. बाल्कनी मात्र उघड्यावरची जागा. उघड्यावर आग लागून काय होणार, असं धरून नियमांनी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. तिथे ना धुराचं यंत्र, ना पाणी. दोन बाल्कन्यांमधले आडोसे पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकचे. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, पायाखालच्या फरशाही जळणाऱ्या. त्यात चालत्या बोटीवरचा वारा. मी वर्षानुवर्षं तसल्याच खुर्च्या पुसल्या, तसल्याच आडोशांवरचं मीठ धुतलं. त्या जळतील हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

उष्णतेने बाल्कनीच्या दारांच्या काचा फुटल्या आणि आग केबिनमध्ये शिरली. पण तिथे पाण्याची फवारणी सुरू झाली, भिंतींनीही आपलं काम केलं. जी आग बाहेर बेफाम होती ती आत आल्यावर अडली. दीडेक तासात ती विझवली. ७९ केबिन पार निकामी झाल्या, आणखी २१८ केबिनची आगीने, धुराने किंवा पाण्याने नासधूस झाली. तरी बोट तरली, आपल्या इंजिनावर बंदरात गेली आणि मे महिन्यात पुन्हा प्रवासी घेऊन निघाली.

तो प्रवासी दगावला तो धुराने. आणखी तेरा जणांवर धूर छातीत गेल्यामुळे उपचार करावे लागले. बाल्कनीतलं प्लॅस्टिक जळून निघालेला दाट काळा धूर केबिनमध्ये आणि मधल्या बोळांमध्ये भरला. बाराव्या डेकवर तर लोकांना बाहेर काढणंच मुश्कील झालं. समुद्रावरच्या आगींमध्ये हे पुनःपुन्हा दिसतं. एप्रिल १९९० मध्ये ओस्लोहून डेन्मार्कला निघालेल्या ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या प्रवासी जहाजावर १५९ माणसं गेली. ती आग कुणीतरी लावलेली होती, आणि बहुतेकांचा जीव ज्वाळा जवळ येण्याआधीच विषारी धुराने घेतला. बोटीवरच्या बोळात जमिनीलगत अंधारात उजळणारी पट्टी असते ना, ती त्या आगीनंतर सक्तीची झाली. धूर वर चढतो, छताचे दिवे आधी दिसेनासे होतात, म्हणून वाट दाखवणारा उजेड पायाशी.

बोटीवर कामाला जाणाऱ्या प्रत्येकाला आग विझवण्याचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं, मग तो इंजिनवाला असो की माझ्यासारखा चादरी बदलणारा. धूर भरलेल्या खोलीत सोडतात. तिथे स्वतःचा हात दिसत नाही. खाली बसायचं, एक हात भिंतीला लावायचा तो सोडायचा नाही, दार आलं की हाताची मागची बाजू लावून ते तापलंय का बघायचं. पाच पावलांची खोली संपता संपत नाही. दिशेचं भान किती पटकन जातं हे ज्याने अनुभवलंय, तो ड्रिलमध्ये कधी टंगळमंगळ करत नाही.

त्या दिवसांत माझ्या सेक्शनमध्ये एक वृद्ध बाई एकट्याच प्रवास करत होत्या. बोट सुरक्षित आहे का, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, मला जिना दाखव. मी दाखवला. त्या परत केबिनपाशी आल्या, डोळे मिटले आणि भिंतीवरचा कठडा धरून निघाल्या. वाटेतलं एकेक दार हाताने चाचपत, ओठांतल्या ओठांत मोजत. अकरा दारं, मग आगरोधक दरवाजा, मग जिना. दुसऱ्या बाजूच्या जिन्यापर्यंतही तसंच केलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. कंपनीच्या पुस्तकात नसलेलं हे ड्रिल मी पुढे माझ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत आलो. फार थोड्यांनी केलं.

बाल्कनीचे नियम बदलले ते ‘स्टार प्रिन्सेस’वरच्या त्या एका मृत्यूनंतरच. १ जुलै २००८ पासून नव्या प्रवासी जहाजांवर बाल्कनीतले आडोसे न जळणारे हवेत असं ठरलं. सहज पेट घेणारं सामान तिथे ठेवलं तर आग ओळखायची आणि पाण्याची सोयही हवी. जुन्या जहाजांनाही बदल करायला लावले. पुढे ते जहाज चालवणाऱ्या ‘प्रिन्सेस’ कंपनीने २०१२ पासून बाल्कनीत सिगरेट ओढायला बंदी घातली. जानेवारी २०१२ मध्ये ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे क्रूझ जहाज इटलीजवळ खडकावर आदळून ३२ जण गेले. त्यानंतर प्रवाशांचं मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात ठरलेल्या जागी जमायचा सराव, बोट निघण्याआधी किंवा निघताक्षणी घ्यायचं बंधन आलं. पूर्वी त्याला चोवीस तासांची मुभा होती.

आता मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला क्रूझने जाणारी आपली माणसं पुष्कळ झाली. गावाकडची ओळखीची कुटुंबं निघण्याआधी मला फोन करतात, तेव्हा काय न्यायचं हे विचारतात. मी आधी काय न्यायचं नाही ते सांगतो. चहासाठी विजेची किटली नको, इस्त्री नको, छोटी शेगडी तर नकोच. देवाचं करायचं असेल तर हात जोडा, पण केबिनमध्ये उदबत्ती किंवा निरांजन लावू नका. बहुतेक कंपन्यांची याला बंदीच असते, आणि ती बंदी योग्य आहे. फोन चार्जिंगला लावून झोपलात तर तो उशीखाली ठेवू नका.

चढल्यावर पहिल्या तासात दोन्ही जिन्यांपर्यंत चालत जा, दारं मोजा. सात आखूड आणि एक लांब भोंगा, म्हणजे धोक्याचा इशारा, ऐकलात की लिफ्टकडे फिरकू नका. आणि आजी-आजोबा, मुलं वेगवेगळ्या केबिनमध्ये असतील, तर एकमेकांना शोधत उलट वाटेने कुणी जायचं नाही, सगळ्यांनी आपापल्या वाटेने मस्टर स्टेशनवर, म्हणजे जमायच्या ठरलेल्या जागी, पोचायचं आणि तिथेच भेटायचं, हे बोट सुटायच्या आत घरातल्या प्रत्येकाकडून कबूल करून घ्या.