संधिवाताची सुई आणि ल्युपस

1992 साली लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात मार्क फेल्डमन आणि भारतात जन्मलेले रविंदर मैनी यांनी संधिवाताच्या मोजक्या रुग्णांना टीएनएफ हे दाह भडकवणारं प्रथिन रोखणारं औषध शिरेतून दिलं. सांध्यांची सूज उतरली. पण सुरुवातीच्या त्या चाचण्यांतच काहींच्या रक्तात स्वतःच्याच डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. ल्युपस या स्वप्रतिकार आजाराची ही ओळखीची खूण.

औषधातून ल्युपस उद्भवतो, हे तोवर जुनं झालं होतं. 1950च्या दशकात रक्तदाबावरच्या हायड्रॅलझिननं आणि पुढे हृदयाचे ठोके सावरणाऱ्या प्रोकेनामाइडनं ते दाखवलं होतं. त्या ल्युपसमध्ये डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं क्वचितच आढळत. टीएनएफरोधकांच्या ल्युपसमध्ये मात्र ती सर्रास दिसतात, त्वचेवरचं पुरळही जास्त.

1998 मध्ये अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅब आणि इटानरसेप्ट या टीएनएफरोधकांना मान्यता मिळाली, आणि काही वर्षांतच अशा ल्युपसच्या रुग्णांच्या नोंदी येऊ लागल्या. 2005च्या फ्रान्समधल्या पाहणीत हे प्रमाण हजारी दोनच्या आसपास निघालं. प्रतिपिंडं मात्र याहून कितीतरी जास्त जणांत तयार होतात. म्हणून नुसती एएनए (पेशीकेंद्राविरुद्धच्या प्रतिपिंडांची) चाचणी पॉझिटिव्ह आली की घाबरून सुई बंद करणं मला तरी पटत नाही.

खरी फसगत वेगळीच. बरे झालेले सांधे पुन्हा ठणकू लागतात. औषधाचा असर ओसरला असं वाटून डोस वाढवला जातो, आणि दुखणं तर त्या औषधानंच आणलेलं असतं! उन्हात गेल्यावर उठणारं पुरळ, बारीक ताप, खोल श्वास घेताना छातीत येणारी चमक यांची चौकशी केली तरच हे लक्षात येतं. औषध थांबवल्यावर बहुतेकांना काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत उतार पडतो.

असं का होतं, याचा एक तर्क इंटरफेरॉनकडे बोट दाखवतो: टीएनएफ दाबलं की त्याच्या धाकात असलेलं इंटरफेरॉन उसळतं. गंमत म्हणजे त्याच इंटरफेरॉनची वाट अडवणारं ॲनिफ्रोलुमॅब 2021 मध्ये ल्युपसवरचं औषध म्हणून मान्य झालं. तेही टीएनएफरोधकांसारखं बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींत बनवलेलं औषधच.

आपल्याकडे गुंता आणखी वाढतो. टीएनएफ रोखलं की दबा धरून बसलेला क्षय डोकं वर काढू शकतो, म्हणून आधी मँटू चाचणी आणि छातीचा एक्स-रे होतो. त्यात संशय आला तर क्षयावरचं आयसोनिआझिड सुरू होतं. ल्युपस आणणाऱ्या औषधांच्या जुन्या यादीत तेही आहे. दोन्ही चालू असताना पुरळ उठलं, तर संशय कोणावर घ्यायचा?