राखणदाराची राखण

घराच्या राखणीसाठी कॅमेरा स्वहस्ते बसविणे आता सुलभ झाले आहे; परंतु केवळ किंमत पाहून तो निवडणे अंगलट येऊ शकते. २०१६ साली ‘मिराई’ नामक उपद्रवी संगणकप्रणालीने जगभरातील लक्षावधी कॅमेरे व तत्सम उपकरणे इंटरनेटद्वारे कबजात घेतली. कारखान्यातून आलेला पासवर्ड कित्येक मालकांनी बदललाच नव्हता. काही उपकरणांत तर तो बदलण्याची धड सोयही नव्हती! तेव्हा पासवर्ड बदलता येईल, उत्पादक सुरक्षाविषयक सुधारणा पुरवीत राहील आणि वीज गेल्यावरही काही काळ चित्रण चालेल, असेच उपकरण निवडावे. त्याचा रोख शेजाऱ्याच्या दारावर नसावा, हा विवेकही हवा. पहारेकरीच फितूर झाला, तर भक्कम कडीकोयंड्याचा उपयोग काय?